भिरंडांचा ड्रायर आणि आकार आठवणारी तार: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, सावईवेरे, गोवा

आज पडवीतून सोलर ड्रायर बाहेर काढला, पुसला, काच तपासली. पेटी चार फूट बाय दोन फूट, आत काळा रंगवलेला पत्रा आणि जाळीचे तीन ट्रे. खाली हवा आत यायची फट, वर चिमणीवर झाकण. गेल्या मेमध्ये दुपारी दीड वाजता आत ७४ अंश मोजले होते. भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं साठाच्या आत वाळली तर लालभडक राहतात, त्यावर गेलं की काळपटतात आणि आगळाचा (खारवलेल्या कोकम रसाचा) वास जातो. म्हणून आई दर अर्ध्या तासाला उठून झाकणाखाली काठी लावायची आणि ढग आला की काढायची. एक दिवस लग्नाला म्हणून ती फोंड्याला गेली आणि वरचा अख्खा ट्रे हातचा गेला. तो करपट वास अजून माझ्या नाकात आहे.

थर्मोस्टॅट आणि मोटर बसवणं मला अवघड नाही, कारखान्यात मेंटेनन्सला रोज तेच करतो. पण ड्रायर उभा असतो कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) कडेला, तिथं वायर नाही. शिवाय वळिवाचा वारा सुटला की वीज जातेच. म्हणून झाकण उष्णतेनंच उघडायला हवं. बायमेटलची, म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटवलेली, पट्टी पाहिली, हालचाल फारच थोडी. ग्रीनहाऊसच्या खिडक्यांना मेणाचा सिलिंडर असतो, तो वीस-पंचवीस अंशांनाच उघडू लागतो, आमच्याकडे तो कधी मिटणारच नाही. उरलं निटिनॉल: वाकवला तरी तापवल्यावर मूळ आकारात परतणारा, निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू, अणूंच्या हिशेबात जवळपास निम्मे-निम्मे, वजनानं निकेल साधारण ५५ टक्के. १ मिमी जाडीची तार मागवली.

१६ फेब्रुवारी

तार आली, पण ती नव्हे. मी मागवली होती ४५ अंशांना जागी होणारी. आली ती हातात वाकवली की सोडताक्षणी टणकन सरळ होते. हीसुद्धा निटिनॉलच, पण सुपरइलॅस्टिक जातीची. हिचं बदलाचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा खाली असतं, म्हणजे आपल्या हातात येते तेव्हा ती आधीच 'तापलेली' असते. न मोडणाऱ्या चष्म्याच्या फ्रेमी याच जातीच्या.

खात्री करायला एक तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी ठेवला. सकाळी काढल्या काढल्या वाकवला, तर शिशाच्या तारेसारखा मऊ, वाकवला तसाच राहिला. मग तळहातावर धरला. आधी तारेवर दव जमलं आणि त्या दवाखालूनच ती हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखी सरळ होत गेली. चार-पाच सेकंद. मी हे तीनदा केलं आणि तिन्ही वेळा श्वास रोखून पाहिलं.

विक्रेत्याला कळवलं, बदलून देतो म्हणाला. ही तार परत मागितली नाही, तेव्हा ठेवून दिली.

२ मार्च

बरोबर तार आली. चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं, तार बोटांभोवती गुंडाळून तिचं वेटोळं केलं आणि पाण्यात टाकलं. पाण्यातून एकदम सरळ काडी वर आली. आईनं दोनदा करायला लावलं आणि मग विचारलं, "बाबू, तिला कळतं कसं?"

तिला सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कारण सांगताना मलाही नीट कळलं. आपल्या दुकानांना सरकतं जाळीचं शटर असतं, बाजूला ढकललं की चौकटींच्या शंकरपाळ्या होतात. शटर मिटलं काय, पसरलं काय, एका रिव्हेटच्या शेजारचे रिव्हेट तेच राहतात, फक्त कोन बदलतात. थंड निटिनॉलमध्ये अणूंची मांडणी अशी कलती असते, तिला मार्टेन्साइट म्हणतात. तार वाकवली की शंकरपाळ्या या बाजूच्या त्या बाजूला कलतात, पण शेजार सुटत नाही. तापवली की सगळ्या शंकरपाळ्या एकदम चौकोनी होतात, तो ऑस्टेनाइट. चौकोनाला कलायला दोन बाजू असतात, सरळ उभं राहायचं मात्र एकाच रीतीनं. म्हणून ती जुन्या जागी येते. साधी तार वाकवली की अणू एकमेकांवरून घसरतात आणि शेजार बदलतो, मग परतीची वाट उरत नाही. निटिनॉललाही मर्यादा आहे, साधारण आठ टक्क्यांपलीकडे ताणलं की तिचाही शेजार तुटतो.

दोन्ही नावं पोलादाकडूनच आलेली, मार्टेन्साइट जर्मनीच्या अडोल्फ मार्टेन्सवरून, ऑस्टेनाइट इंग्लंडच्या रॉबर्ट्स-ऑस्टेनवरून. पण आमच्या शॉपमध्ये मार्टेन्साइट म्हटलं की पाणी दिलेलं कडक, ठिसूळ पोलाद. इथं उलट आहे, मार्टेन्साइट मऊ आणि ऑस्टेनाइट ताठ. हा उलटा हिशेब डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले, आणि पुढचं सगळं डिझाइन त्यावरच उभं आहे.

८ मार्च

तारेला स्प्रिंगचा आकार 'शिकवायचा' तर ती त्या आकारात घट्ट बांधून ५०० अंशांच्या आसपास काही मिनिटं ठेवावी लागते. घरच्या गॅसवर करून पाहिलं. तार बोल्टवर गुंडाळली, ज्योतीत धरली, एका जागी लाल झाली. थंड झाल्यावर तो लाल झालेला भाग साध्या तारेसारखा वाकतो, वाकलेला राहतो आणि गरम पाण्यात नीट परतत नाही. तार ओढून काढताना तिच्यात जो कस भरलेला असतो, तो जास्त तापमानाला निघून जातो. तीस सेंटिमीटर तार वाया गेली. गॅसवर पुन्हा करायचं नाही.

१५ मार्च

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या टूलरूममध्ये मफल भट्टी आहे. काल होळीची सुट्टी होती, आज दुपारी भट्टी मोकळी होती. ७ मिमीच्या स्टेनलेस सळीवर तार गुंडाळली, २० वेढे, वेढ्याला वेढा चिकटून, मधल्या मापानं व्यास ८ मिमी. दोन्ही टोकं वॉशर-नटखाली आवळली. ती आवळताना कसूर केली तर तार भट्टीत आधीचा सरळ आकार आठवते आणि निसटते, म्हणून नट दोनदा तपासले. ५०० अंश, सळी तापायला लागणारा वेळ धरून १२ मिनिटं, मग चिमट्यानं उचलून थेट बादलीत.

सळीवरून उतरवली तेव्हा तार गवती पिवळ्या-निळ्या रंगाची झाली होती. भट्टीवरच्या कारागिरानं ती कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि म्हणाला, "आवाज मेल्यासारखा येतो हो." त्याला मग ब्यूलरची गोष्ट सांगितली. विल्यम ब्यूलर अमेरिकेत मेरीलँडच्या नौदल शस्त्र प्रयोगशाळेत क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होता, १९५९ च्या सुमाराला. वितळवून ओतलेल्या कांब्यांपैकी एक थंड कांब जमिनीवर पडली तेव्हा 'थप्प' असा बोजड आवाज आला. भट्टीतून नुकती निघालेली गरम कांब पडली तर घंटेसारखी वाजली. एकच धातू, दोन आवाज. त्यानं गरम कांब नळाखाली धरून पुन्हा टाकली, आवाज पुन्हा बोजड. म्हणजे आत काहीतरी बदलतंय हे त्याला आकार बदलण्याआधी कानानं कळलं. आम्ही मेंटेनन्सवाले बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर लावून कान देतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पुढे १९६१ मध्ये बैठकीत घडीघडीची वाकवलेली एक पट्टी हातोहात फिरत होती, डेव्हिड मझी यांनी पाइप पेटवायच्या लायटरनं ती तापवली आणि पट्टी सरळ झाली. निकेलचं 'नि', टायटॅनियमचं 'टि' आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं मिळून निटिनॉल झालं.

ही वागणूक त्याआधीही दिसली होती. सोनं-कॅडमियममध्ये ओलांडर या स्वीडिश शास्त्रज्ञाला १९३२ मध्ये, आणि त्याच धातूत १९५१ मध्ये चँग आणि रीड यांनी आकाराचं परतणं नोंदवलं. पण सोन्याची स्प्रिंग कोण करणार.

१६ मार्च

स्प्रिंग ताणून लांब केली, गरम पाण्यात सोडली. आक्रसून वेढ्याला वेढा चिकटला. उत्तम. बाहेर काढून थंड केली. तशीच राहिली.

आई शेजारी सोलं करायच्या सुऱ्या घासत होती. बघून म्हणाली, "उघडायचं कळलं रे तिला. मिटणार कधी?"

या प्रश्नापाशी मी आज दिवसभर थांबलो आहे. ज्यानं त्यानं सांगताना 'तापवलं की मूळ आकार' एवढंच सांगितलेलं असतं. थंड झाल्यावर ती आपणहून कुठंही जात नाही, नुसती मऊ होते. परत न्यायला दुसरं कुणीतरी लागतं. शिकवून दोन्ही आकार लक्षात ठेवायला लावता येतात, पण ती हालचाल लहान असते आणि तिच्यात जोर नसतो. म्हणजे माझं खरं काम उघडण्याचं नाहीच, मिटवण्याचं आहे. तारेविरुद्ध सतत ओढणारं काहीतरी हवं. तार ताठ असताना त्यानं हरावं आणि मऊ झाली की जिंकावं.

पहिला विचार साध्या स्प्रिंगचा आला. पण साधी स्प्रिंग जितकी ताणाल तितकी जास्त विरोध करते, म्हणजे झाकण जितकं उघडेल तितकं ते उघडणं जड. वजनाचं तसं नसतं, ते सुरुवातीला जेवढं तेवढंच शेवटी. झाकणाला स्वतःचं वजन आहेच, तेच वापरायचं. दीडशे ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, १५ सेंटिमीटर रुंद. बिजागरीच्या पलीकडे ४० मिमीची शेपटी. शेपटीला खालून निटिनॉल स्प्रिंग. स्प्रिंग आक्रसली की शेपटी खाली आणि झाकण वर, सी-सॉसारखं. पत्र्याचं वजन ७५ मिमीवर आणि ओढ ४० मिमीवर, म्हणजे स्प्रिंगवर सुमारे २८० ग्रॅम.

२३ मार्च

आज पूर्ण दिवस मोजमाप. उंच स्टीलच्या डब्यात पाणी, त्यात स्प्रिंग उभी टांगलेली, खाली २८० ग्रॅमचे नट-बोल्ट, शेजारी स्टीलची पट्टी आणि थर्मामीटर. गॅस अगदी मंद, चमच्यानं सतत ढवळत. दर दोन अंशांना एक आकडा.

पाणी तापताना स्प्रिंग ५० अंशांपर्यंत जवळजवळ ढिम्म. ५० ला हलू लागली, ५५ च्या पुढे डोळ्यांना दिसेल इतकी भराभर, ६१ ला संपली. एकूण १८ मिमी. गॅस बंद केला. ५५, ५०, ४५, वजन वरच. ४३ ला उतरू लागलं आणि ३२ ला पूर्ण खाली आलं. जाताना एक वाट, येताना दुसरी, मध्ये अठराएक अंशांचं अंतर. याला हिस्टेरेसिस म्हणतात. नवीन मांडणीनं जुन्या मांडणीत वाट काढायची तर तिला थोडा जास्तीचा रेटा लागतो, जाताना जास्त गरमी आणि येताना जास्त गारवा.

दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. तारेच्या पाकिटावर ४५ अंश लिहिलंय, मग ६१ कसे? थर्मामीटर चुकतोय म्हणून उकळत्या पाण्यात तपासला, बरोबर होता. मग वजन १८० ग्रॅम करून सगळं पुन्हा केलं. या वेळी ४४ ला सुरुवात, ५५ ला शेवट, परतताना ३७ ते २६. ३८० ग्रॅमला ५६ ते ६७, परतताना ४९ ते ३८. प्रत्येक शंभर ग्रॅमला सहा अंश, जवळजवळ रुळावर चालल्यासारखं. पाकिटावरचा आकडा बिनओझ्याच्या तारेचा असतो. ओझं मार्टेन्साइटच्या बाजूनं उभं राहतं, म्हणून तारेला ते झुगारायला जास्त गरमी लागते. पुस्तकी आकडा एका अंशाला सहा-सात मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) असा आहे, स्प्रिंगमधला ताण काढून पाहिला तर माझं मोजमाप त्याच्या आसपास बसतं.

याचा अर्थ उघडण्याचं तापमान तार बदलल्याशिवाय बदलता येतं! झाकणावर एक लांब बोल्ट आणि त्यावर सरकणारा जड नट, बस. नट बाहेर सरकवला की उशिरा उघडेल, आत घेतला की लवकर. सोनाराच्या काट्यासारखं. आज रात्री झोप लागणं कठीण आहे.

एक सावधगिरी लिहून ठेवतो. १८० ग्रॅमला पूर्ण मिटायला २६ अंश लागतात, आणि आमच्याकडे मेच्या रात्री २६-२७ च्या खाली उतरत नाहीत. वजन फार हलकं केलं तर झाकण एकदा उघडेल ते पावसाळ्यापर्यंत उघडंच.

३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. बहिणीची मुलगी आली होती, तिच्या दातांच्या तारेतही हाच धातू आहे. तिला सांगितलं, बर्फाचं पाणी तोंडात धरलंस तर तार घटकाभर मऊ पडेल. तिनं लगेच करून पाहिलं, म्हणाली, "मामा, खरंच ओढ कमी झाली!" निटिनॉल दातांवर पहिल्यांदा नेलं ते आयोवाच्या जॉर्ज अँड्रियासन यांनी, १९७० च्या दशकात. ताणली तरी ओढ जवळजवळ सारखी राहते, म्हणून साध्या स्टीलसारखं वारंवार आवळावं लागत नाही.

६ एप्रिल

झाकण बसवलं. सकाळी आठ चाळीसला उघडलं. ड्रायरच्या आत तेव्हा ३९ अंश.

अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, काचेतून ऊन थेट स्प्रिंगवर पडतंय. भट्टीतून आलेली काळपट-निळी तार ऊन चांगलं पिते. ती हवेचं तापमान सांगतच नव्हती, स्वतःचं सांगत होती. डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून तिच्यावर पन्हाळी केली, दोन्ही टोकं उघडी, हवा आरपार जाईल अशी. चिमणीच्या तोंडाशी, जिथून सगळी गरम हवा जाते तिथं टांगली.

१३ एप्रिल

आज बरोबर. रिकाम्या ड्रायरमध्ये ११:५० ला ५२ अंशांना झाकणाची कड उचलली. साडेबाराला टोकाशी साडेसहा सेंटिमीटर उघडं. आतलं तापमान ५८ ते ६१ मध्ये अडकून राहिलं, तीन वाजेपर्यंत. बाहेर ३४.

मध्ये दहा मिनिटं ढग आला, आत ५० पर्यंत उतरलं, झाकण हललं नाही. हिस्टेरेसिसचा हा फायदा, प्रत्येक ढगाला उघडझाप नाही. आणि आवाज शून्य. काच, लाकूड, पत्रा, आणि मध्येच झाकण उचललं जातं, कुणी हात न लावता. आई स्टूल घेऊन समोर बसली होती.

२७ एप्रिल

पहिली भिरंडं. सोलं कापून, गर-रस वेगळा करून, मीठ लावून ट्रेमध्ये. मग तोच रस पुन्हा सोलांना पाजायचा आणि पुन्हा वाळवायचं, असे पुट आई चार देते. ट्रेवरून उठणारी आंबट वाफ मी हिशेबात धरली नव्हती. चार दिवसांत बिजागरीचा लोखंडी खिळा गंजला आणि झाकण अडखळू लागलं. निटिनॉलवर मात्र डाग नाही, तिच्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो आम्ल आणि मीठ दोन्ही अडवतो. खिळा स्टेनलेसचा केला. स्प्रिंग ट्रेच्या थेट वर नाही हे पुन्हा तपासलं. खायच्या वस्तूवर निकेलच्या धातूतून काही थेंब पडायला नको.

४ मे

वाळण एकदम चांगली. वरच्या ट्रेचा रंग खालच्यासारखाच, हे गेल्या वर्षी एकदाही झालं नव्हतं.

पण आईनं सकाळी सोलं हातात घेऊन मोडून पाहिली आणि म्हणाली, "संध्याकाळी कडक होती, आता सादळलीत."

काल मी कामावर होतो, आज रविवार म्हणून संध्याकाळभर बसून पाहिलं. साडेचारनंतर ऊन माडांच्या मागे जातं. पाच वाजता आत ४६, झाकण पूर्ण उघडं. साडेपाचला ४१, थोडं उतरलं. सव्वासहाला ३६, अजून अर्धं उघडं. पूर्ण मिटलं सात वाजता, ३२ अंशांना. या दोन तासांत पोफळींना शिंपणं झालेलं असतं, कुळागरातून ओली गार हवा खालच्या फटीतून शिरते आणि वरून निघते. दिवसभर बाहेर काढलेलं पाणी आम्ही संध्याकाळी परत आत घेतोय.

वजन वाढवलं तर मिटणं ३८ वर येईल, पण उघडणं ६७ वर जाईल, म्हणजे पुन्हा काळी सोलं. हे अंतर तारेच्या स्वभावात आहे, नट सरकवून जाणार नाही. आईचा प्रश्न मार्चपासून तोच आहे आणि मी त्याचं अर्धंच उत्तर दिलं होतं.

११ मे

आठवडाभर वाचून आणि विचार करून एक वाट सापडली, आणि तिला लागणारी वस्तू घरातच पडून होती: फेब्रुवारीत चुकून आलेली तार.

तिच्यात निकेल किंचित जास्त असतं. अशी तार ४०० अंशांच्या आसपास तासभर ठेवली की जास्तीचं निकेल बारीक कणांच्या रूपानं बाहेर बसतं आणि तार ऑस्टेनाइटमधून एकदम मार्टेन्साइटमध्ये न जाता मध्ये एका पायरीवर थांबते. तिला आर-फेज म्हणतात. या पायरीवर आकार फार बदलत नाही, जेमतेम टक्काभर, पण येण्याजाण्याचं अंतर दोन-तीन अंशांचंच. आंघोळीच्या गरम-गार पाण्याचं मिश्रण आपोआप सांभाळणाऱ्या नळांत याच पायरीवरच्या स्प्रिंगा असतात.

शनिवारी कुंडईला जाऊन केलं, ४२० अंश, एक तास, २० वेढे. आज पाण्याच्या डब्यात मोजलं. तापताना ४२ ते ४६, उतरताना ४४ ते ४०. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच. हालचाल फक्त ६ मिमी.

हे झाकणाला पुरणार नाही, आणि ४६ ला झाकण उघडून चालणारही नाही. पण झाकणच मिटायला हवं असं कुठं आहे? हवा वाहते ती खालून वर. खालची फट बंद झाली तर वरचं झाकण अर्धं उघडं असलं तरी प्रवाह थांबतो. खालच्या फटीला हलकी पातळ झडप लावायची. आर-फेजची स्प्रिंग मात्र फटीपाशी नाही, तिथं बाहेरची गार हवा लागते. ती पहिल्या ट्रेच्या वर बाजूला, आणि तिथून सायकलच्या ब्रेकची आतली तार खाली झडपेपर्यंत.

१८ मे

काल आणि आज दोन दिवस चाचणी मिळाली, तीही ढगाळ. खालची झडप सकाळी ९:३५ ला उघडली (आत ४४), संध्याकाळी ५:४० ला बंद (आत ४०). वरचं झाकण त्यानंतरही सव्वा तास अर्धवट उघडं होतं. अगरबत्ती लावून फटीजवळ धरली, धूर सरळ वर गेला, आत ओढला गेला नाही. आज सकाळी सोलं कालच्यासारखीच कडक. आईनं एक मोडली, 'कट' आवाज आला. तिनं मान हलवली आणि डबा भरायला घेतला.

२१ मे

काल रात्रीपासून पाऊस, थांबायचं नाव नाही. मे महिन्यात असा पाऊस नको होता. झाडावर अजून निम्मी भिरंडं आहेत, आता ती आगळालाच जातील. ड्रायर पडवीत घेतला.

८ जून

दोन्ही स्प्रिंगा सोडवून पुन्हा मोजल्या. झाकणाची स्प्रिंग अंदाजे पन्नास वेळा उघडली-मिटली असेल. १८ मिमीची हालचाल १७ झाली आहे, बहुतेक घट पहिल्या काही फेऱ्यांतच झाली असणार, कारण एप्रिलअखेर मी १७ च मोजली होती. पुढच्या वर्षी नवीन स्प्रिंग बसवण्याआधी गरम-गार पाण्यात वीस फेऱ्या वजनासह द्यायच्या, म्हणजे ती आधीच स्थिरावेल. आर-फेजच्या स्प्रिंगमध्ये फरक नाही.

बोल्टवर नट जिथं होता तिथं करवतीच्या पात्यानं खूण केली आहे. स्टेनलेसचे जादा खिळे, ब्रेकच्या तारेचा तुकडा आणि उरलेली दोन्ही तारांची भेंडोळी एका डब्यात. भेंडोळ्यांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला आहे: तांबडा ४५ ची, हिरवा फेब्रुवारीची. शेजारच्या काकूंनी आपल्या ड्रायरलाही असंच झाकण हवं म्हणून सांगितलंय, त्यांच्या पेटीची मापं घ्यायला रविवारी जायचं आहे. त्यांची पेटी उघड्या माळावर आहे, तिथं संध्याकाळी आत तापमान किती वेगानं उतरतं ते आधी पाहायचं.